साठी बुद्धी नाठी? : डॉ. रॉबर्ट बटलर यांचे कार्य

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असते. आजोबांनी चष्मा कपाळावर ठेवला आणि तोच घरभर शोधला, की कुणीतरी ती म्हणतंच. आजोबाही हसतात. म्हण आहे, चालायचंच. पण हीच म्हण जेव्हा रोगाचं निदान म्हणून वापरली जाते तेव्हा काय होतं, ते मी माझ्या घरात पाहिलं आहे. आजच्या बोलण्याची सुरुवात तिथूनच करतो.

माझी एक आत्या खेड्यात राहते. शिक्षण चौथीपर्यंत, पण सत्तरी ओलांडेपर्यंत घरचा सगळा हिशेब तिच्या तोंडी. डेअरीला किती दूध घातलं, फॅट किती लागली, पंधरवड्याचे किती पैसे यायचे, हे तिला वहीत बघावं लागत नसे. बहात्तराव्या वर्षी ती हळूहळू मंद होऊ लागली. सकाळी दूध घातलं की नाही ते आठवेना. भर उन्हाळ्यात अंगावर घोंगडी घेऊन बसायची. आवाज घोगरा झाला, तोंड सुजल्यासारखं दिसू लागलं, दिवसाउजेडी पेंगायची. घरच्यांनी तिला तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि सांगितलं, “वय झालंय हो त्यांचं. आता असंच चालायचं.” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात मीही आलो, एम. ए. झालेला आणि कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारा!

दीड वर्ष आत्या तशीच कोपऱ्यात बसून होती. मग गावाजवळच्या आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टरीणबाई नव्याने आल्या. त्यांनी आत्याचा घोगरा आवाज ऐकला, हाताच्या कोरड्या कातडीवरून बोट फिरवलं आणि रक्त तपासायला पाठवलं. गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते, ती काम करेनाशी झाली होती. रोज सकाळी अनशापोटी एक बारीकशी गोळी सुरू झाली. चार महिन्यांनी मी गेलो, तेव्हा आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला पाहताच म्हणाली, “काय रे, दोन वर्षांमागं दिवाळीला पाचशे रुपये नेले होतेस, ते कधी देणार?”

श्रोतेहो, बुद्धी नाठी झालेलीच नव्हती. ती झोपली होती, आणि तिला जागं करायचं सोडून आपण ‘वय झालं’ म्हणून दार ओढून घेतलं होतं.

आता, ‘हे वयामुळे झालं की रोगामुळे?’ हा प्रश्न साधा वाटतो. पण वैद्यकशास्त्राने तो नेटाने विचारावा म्हणून ज्यांनी आयुष्य वेचलं, अशा माणसांत अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट बटलर यांचं नाव फार वरचं आहे. निरोगी म्हातारपण कसं असतं, याचा त्यांनी शोध घेतला. आणि आपल्या मागून येणाऱ्या तरुण डॉक्टरांना म्हाताऱ्या माणसाकडे पाहायला शिकवलं. त्यांची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

रॉबर्ट बटलर यांचा जन्म २१ जानेवारी १९२७ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. मूल वर्षाचंही नव्हतं तोच आईवडील वेगळे झाले, आणि आजीआजोबांनी त्याला आपल्याकडे नेलं. न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलंड गावाजवळ त्यांचा कोंबड्या पाळण्याचा व्यवसाय होता. रॉबर्ट तिथे वाढला. सात वर्षांचा असताना आजोबा वारले. तो काळ अमेरिकेतल्या मोठ्या मंदीचा. कोंबड्यांचं शेत हातचं गेलं. आजी तेव्हा साठीच्या आसपास होती. नातवाला घेऊन ती एका हॉटेलात राहायला गेली, तर पुढे त्या हॉटेललाच आग लागून होतं नव्हतं ते जळून गेलं. तरी या बाईने पुन्हा पहिल्यापासून संसार मांडला आणि नातवाला शिकवलं.

आता तुम्हीच सांगा, ज्या मुलाने साठीची आजी अशी पाहिली, त्याला ‘साठी बुद्धी नाठी’ कशी पटावी? पुढे मोठेपणी बटलर लिहीत, की म्हाताऱ्या माणसांत केवढी ताकद असते हे मी आजीकडून शिकलो. त्याच गावात डॉक्टर रोझ नावाचे एक पांढऱ्या केसांचे वृद्ध डॉक्टर होते. त्यांचा या मुलाच्या मनावर असा ठसा उमटला, की आपणही डॉक्टर व्हायचं असं त्याने ठरवून टाकलं. म्हणजे बटलर यांचे पहिले दोन गुरू म्हातारेच होते. एक शाळेबाहेरची आजी आणि एक गावचे डॉक्टर.

बटलर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९५३ साली डॉक्टर झाले. पण तिथे त्यांना एक धक्का बसला. रुग्णालयात म्हातारे रुग्ण आले, की शिकणारे आणि शिकवणारे डॉक्टर आपसांत त्यांना एक नाव ठेवत. त्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे ‘फुटकं मडकं’ असा होईल. मडकं फुटलं, आता त्यात वेळ कशाला घालवायचा? अभ्यासक्रमात बालरोगांवर पाठ, बाळंतपणावर पाठ. म्हातारपणावर मात्र जवळजवळ काही नाही. आजीच्या मांडीवर वाढलेल्या या तरुणाला ते सहन होईना. मग त्यांनी मनोविकारांचं शास्त्र निवडलं आणि म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास करायचं ठरवलं.

इथे आपण जरा थांबू. कारण इथे विज्ञानाची एक फार महत्त्वाची खुबी आहे. शिक्षक मंडळींनी तर ती वर्गात जरूर सांगावी.

त्या काळापर्यंत म्हातारपणाविषयी शास्त्रज्ञ जे लिहीत, ते बहुतेक रुग्णालयात, वेड्यांच्या इस्पितळात नाहीतर अनाथ वृद्धांच्या आश्रमात पडून असलेल्या माणसांना पाहून लिहीत. समजा, एखाद्याला गाय कशी असते हे जाणून घ्यायचं आहे, आणि तो फक्त गुरांच्या दवाखान्यात जाऊन बसला. तर त्याच्या टिपणवहीत काय येईल? ‘गाय हा सतत लंगडणारा, चारा न खाणारा प्राणी आहे.’ माणसाच्या म्हातारपणाचं असंच झालं होतं. रोगी म्हातारे पाहायचे आणि रोगाचा दोष वयाच्या माथी मारायचा.

वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथे अमेरिकेची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था आहे. तिथे १९५५ पासून बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा रस्ता धरला. त्यांनी पासष्ट वर्षांवरचे, आपापल्या घरी हिंडतेफिरते असलेले धडधाकट म्हातारे शोधून काढले. असे ४७ पुरुष आपणहून पुढे आले. प्रत्येकाला दोन दोन आठवडे ठेवून घेऊन डोक्यापासून पायापर्यंत तपासलं: रक्त, हृदय, डोळे, कान, स्मरण, स्वभाव, झोप, घरची परिस्थिती. तपासणीनंतर या ४७ जणांचे दोन गट पडले. २७ जण अगदी खणखणीत. उरलेले २० जण वरून तसेच. पण बारकाईने पाहिलं तर कुठेतरी सौम्य रोगाची खूण दिसत होती, आणि त्यांना स्वतःला तिचा पत्ताही नव्हता.

या तपासण्यांतली एक सांगतो. मेंदूचं वजन आपल्या शरीराच्या शंभरात दोन भाग. पण श्वासातून घेतलेल्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटाच घेतो. तो पोचवण्यासाठी मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त मेंदूतून वाहत असतं. त्या काळी सर्वसाधारण समज असा होता, की वय वाढलं की हा प्रवाह आटत जातो, म्हणून बुद्धी मंदावते. पण कवटीच्या आतला प्रवाह मोजायचा कसा? डॉक्टर सीमोर केटी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४० च्या दशकात त्यासाठी एक युक्ती काढली होती. माणसाला नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू अगदी थोड्या प्रमाणात हुंगायला द्यायचा. भूल देताना वापरतात तोच हा वायू. तो रक्तात मिसळतो आणि मेंदूत शिरतो. मग मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात तो किती आहे आणि मेंदूतून परत येणाऱ्या रक्तात किती आहे, हे थोड्या थोड्या वेळाने मोजायचं. शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. पाटातून वाफ्यात शिरणाऱ्या पाण्यात खत किती होतं आणि वाफ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात किती उरलं, हे कळलं, आणि मातीने एकूण किती खत धरलं तेही माहीत असलं, की पाणी किती वाहिलं याचं गणित मांडता येतं. तसंच हे.

निष्कर्ष काय निघाला? खरोखर निरोगी असलेल्या म्हाताऱ्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह तरुणांच्या मेंदूतल्या प्रवाहाच्या तोडीचाच होता. ज्यांच्या रक्तवाहिन्या कठीण होऊ लागल्याच्या खुणा होत्या, त्यांचा मात्र कमी पडला होता. म्हणजे प्रवाह आटवणारा चोर वय हा नव्हता. रोग हा होता.

आणि इथे आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. मेंदूच्या रक्तप्रवाहाचं हे संशोधन ज्या निबंधात प्रसिद्ध झालं, त्यावर केटी आणि बटलर यांच्याबरोबर नाव आहे ते डॉक्टर दाराब दस्तूर यांचं. आणि तेही सर्वांत आधी. हे दस्तूर आपल्या मुंबईचे. पुढे त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि जे. जे. रुग्णालयात मेंदू व मज्जातंतूंच्या विकृतींवर मोठं काम केलं.

या सगळ्या अभ्यासाचा ग्रंथ १९६३ साली निघाला. त्याचा मथितार्थ असा: म्हातारपणाच्या खात्यावर आपण जे जे मांडतो, त्यातलं पुष्कळसं खरं तर दुसऱ्याच्या खात्यावरचं असतं. काही रोगाच्या, काही दारिद्र्याच्या, काही जोडीदार गेल्याच्या दुःखाच्या, काही एकटेपणाच्या, तर काही ज्याच्या त्याच्या मूळ स्वभावाच्या. वय म्हणून काही बदल होतातच. हालचाली आणि मनाचा वेग थोडा मंदावतो, हे त्या ४७ जणांतही दिसलं. पण मंदावणं वेगळं आणि मावळणं वेगळं.

याच माणसांना पुढे अकरा वर्षांनी पुन्हा पाहिलं. कोण हयात राहिलं, कोण गेलं, आणि त्याचा अंदाज पहिल्या तपासणीवरून आधीच बांधता आला असता का? दोन गोष्टी उठून दिसल्या. एक म्हणजे धूम्रपान. सिगारेट न ओढणारे जास्त टिकले. दुसरी गोष्ट पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. ज्यांच्या दिवसाला काही घडण होती, उठल्यावर आज अमुक करायचं आहे असं ज्यांच्यापुढे काही होतं, ते जास्त टिकले. आपल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी उठून गोठ्यात जायचं असतं, म्हणून ते उठतात. पण आपण प्रेमाने काय करतो? “आबा, तुम्ही आता काही करू नका, नुसते बसा,” असं म्हणतो. प्रेम खरं, पण आबांच्या हातचं काम काढून घेताना त्यांचा दिवसच आपण काढून घेत नाही ना, हे बघायला हवं. अर्थात, हा अभ्यास लहानसा होता, आणि त्यात एकही बाई नव्हती. तेव्हा ४७ पुरुषांवरून साऱ्या जगाचा कायदा करू नये. पण पुढच्या मोठ्या संशोधनाला त्याने वाट दाखवली, हे खरं.

त्याच १९६३ साली बटलर यांनी आणखी एक विचार मांडला. म्हातारी माणसं जुन्या आठवणी पुन्हा पुन्हा सांगतात. डॉक्टर लोक तेव्हा ते बुद्धी ढासळल्याचं लक्षण समजत. बटलर यांनी त्या आठवणी कंटाळा न करता ऐकल्या आणि त्यांच्या ध्यानात आलं, की हे भरकटणं नाही, हे काम आहे. शेवट जवळ आला असं जाणवलं की माणूस आयुष्याचं सिंहावलोकन करतो. काय मिळवलं, काय हुकलं, कुणाशी वाकडं आलं, कुणाची क्षमा मागायची राहिली, याचा हिशेब मनाशी जुळवतो. तो जुळला तर मन शांत होतं; नाही जुळला तर खंत आणि उदासीनता येते. आणि तो जुळायला ऐकणारा कुणीतरी लागतो.

मी हे वाचलं तेव्हा मला आमचे आजोबा आठवले. ते १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगायचे. खडी फोडायला गेलो, सुकडी खाल्ली, बैल विकला. बैलाशी आले की थांबायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आम्ही पोरं म्हणायचो, “झालं, बैल आला!” आणि पळायचो. आज वाटतं, त्यांचा तो हिशेब बैलापाशीच अडला होता. कुणीतरी एकदा बसून विचारायला हवं होतं, “आजोबा, बैल विकून घरी आलात, मग पुढे काय झालं?”

बटलर केवळ प्रयोगशाळेत बसणारे नव्हते. १९६९ साली वॉशिंग्टनच्या एका सुखवस्तू वस्तीजवळची एक इमारत गरीब वृद्धांच्या घरांसाठी घ्यायचं ठरत होतं. आसपासच्या लोकांनी मोठा विरोध केला. म्हातारी माणसं शेजारी नकोत! एका तरुण वार्ताहराने बटलर यांना विचारलं, या विरोधामागे वर्णद्वेष आहे का? बटलर म्हणाले, की यात वयाचा द्वेष अधिक आहे. आणि त्यांनी त्यासाठी इंग्रजीत एक नवा शब्द घडवला. आपण त्याला ‘वयभेद’ म्हणू. जातिभेदात माणूस कोण आहे हे न पाहता त्याची जात पाहतात. वर्णभेदात कातडी पाहतात. तसं वयभेदात फक्त वर्षं मोजतात. पण यात एक मोठी गंमत आहे. जातिभेद करणारा स्वतः दुसऱ्या जातीचा होत नाही; वयभेद करणारा मात्र, जगला वाचला तर, नक्की म्हातारा होतो. स्वतःच्याच उद्याच्या घरावर दगड मारण्यातला हा प्रकार आहे.

अमेरिकेतले म्हातारे कसे जगतात, यावर त्यांनी १९७५ साली एक परखड पुस्तक लिहिलं. दुसऱ्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्याच सुमारास अमेरिकन सरकारने वार्धक्याच्या संशोधनासाठी एक राष्ट्रीय संस्था काढली होती. कायदा झाला १९७४ साली, आणि तिचे पहिले संचालक म्हणून १९७६ साली बटलर आले. सहा वर्षं ते तिथे होते.

त्या सहा वर्षांतलं एक काम आज जगभर फळाला आलेलं आहे. अल्झायमर या रोगाचं नाव आता आपल्याकडेही ऐकू येतं. तेव्हा समज असा होता, की हा रोग क्वचित होतो आणि तोही पन्नाशीच्या आसपास. सत्तरी-ऐंशीत विसरायला लागणं म्हणजे निव्वळ वय. प्रत्यक्षात त्या म्हाताऱ्यांपैकी पुष्कळांच्या मेंदूत तोच रोग होता. बटलर यांनी या रोगाला आपल्या संस्थेच्या कामात अग्रक्रम दिला. रोग्यांची सेवा करून थकलेल्या घरच्या माणसांना एकत्र आणलं, आणि १९८० साली त्यांची देशव्यापी संघटना उभी राहायला हातभार लावला. वय म्हटलं की हात जोडायचे. रोग म्हटला की शोध घ्यायचा. नाव बदललं आणि शास्त्रज्ञ कामाला लागले.

आता त्यांच्या आयुष्यातल्या ज्या भागाचं मला शिक्षक म्हणून सर्वांत अप्रूप वाटतं, त्याकडे येतो. बटलर यांच्या लक्षात आलं होतं, की शोध कितीही लागले तरी खाटेपाशी उभा राहणारा तरुण डॉक्टर जर म्हाताऱ्याला फुटकं मडकंच समजत असेल, तर ते शोध कपाटात राहतील. म्हणून १९८२ साली ते न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि तिथे वृद्धांच्या वैद्यकाचा स्वतंत्र विभाग उभा केला. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत असा पूर्ण विभाग तोवर नव्हता. तिथे शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो पुढे शस्त्रक्रिया करणारा होवो की डोळ्यांचा डॉक्टर होवो, वृद्धांच्या सेवेत काही काळ काढणं सक्तीचं झालं. वृद्धाश्रमांनासुद्धा शिकण्याची जागा करावी, जसं महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेलं असतं तसा वृद्धाश्रम जोडावा, असा त्यांनी आग्रह धरला. तिथून शिकून बाहेर पडलेल्यांनी पुढे हीच विद्या इतरांना दिली. १९९० साली त्यांनी दीर्घायुष्याच्या प्रश्नांचा विचार करणारं एक आंतरराष्ट्रीय केंद्र काढलं. तिथे तर ते वार्ताहरांनाही बोलावून शिकवत. कारण समाजाच्या मनातली म्हाताऱ्याची प्रतिमा वर्तमानपत्रंच घडवतात ना!

पाहा, साखळी कशी जाते. गावचे डॉक्टर रोझ यांनी एका पोरक्यासारख्या मुलाला वाट दाखवली. त्या मुलाने शेकडो विद्यार्थ्यांना वाट दाखवली. आपल्याकडे विद्या दिल्याने वाढते असं म्हणतात, त्याचं हे उदाहरण. बटलर स्वतःही अखेरपर्यंत कामात होते. ४ जुलै २०१० रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ते गेले; आणि जाण्याच्या काही दिवस आधीपर्यंत त्यांचं काम चालू होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं. आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध असा. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरच्या घरात आहे. सरासरी बत्तीस म्हणजे तेव्हा सगळे बत्तिसाव्या वर्षी मरत असं नव्हे. बालमृत्यू फार होते म्हणून सरासरी खाली यायची. पण एवढं खरं, की पूर्वी गावात मोजके म्हातारे असत. आता घरोघरी आहेत. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरची माणसं दहा कोटींहून अधिक निघाली, आणि तेव्हापासून तो आकडा वाढतच गेलेला आहे. मुलं पुण्यामुंबईला, सुरतेला, आणि गावात मागे उरलेली म्हातारी जोडपी, हे चित्र आपण रोज पाहतो.

आपल्याकडेही अभ्यास सुरू झालेला आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांवरच्या बहात्तर हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. माणसं घरोघर गेली. हाताची पकड किती घट्ट आहे, रक्तदाब किती, श्वास किती, शब्द किती ध्यानात राहतात, हे सारं मोजलं. त्याच त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा पाहायचं, अशी त्याची आखणी आहे. बटलर यांच्या ४७ जणांना पुन्हा पाहिलं तसंच. केंद्र सरकारने २०१० साली वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू केला. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळी तपासणी आणि खाटा असाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. घरच्या म्हाताऱ्यांना नेताना तिथे जरूर चौकशी करावी.

शेवटी, ऐकणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असं थोडंसं. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांनीच सांगितलेलं सांगतो. घरातलं म्हातारं माणूस जर दोनचार दिवसांत किंवा काही महिन्यांत एकाएकी बदललं, म्हणजे गोंधळू लागलं, सारखं झोपू लागलं, जेवेनासं झालं, पडू लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका. वय एका रात्रीत वाढत नसतं. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं रक्त किंवा पाणी कमी होणं, साखर उतरणं, थायरॉइड, बी-बारा या जीवनसत्त्वाची उणीव, चार ठिकाणची चार औषधं एकमेकांशी भांडणं, मनाची उदासी, यांतलं काहीही असू शकतं. आणि यातल्या बहुतेकांवर इलाज आहे. दवाखान्यात जाताना चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. बदल केव्हापासून झाला ते नीट सांगा. आजी उत्तर देत नसेल तर तिला आधी ऐकू येतं का, ते पाहा. कान गेलेल्याला आपण खुळा ठरवतो, असं फार वेळा होतं. आणि डॉक्टर ‘वय झालं’ म्हणाले, तर नम्रपणे विचारा, “डॉक्टरसाहेब, वयाशिवाय आणखी काही असेल का, ते एकदा पाहता का?” आम्ही हा एक प्रश्न विचारला असता, तर आत्याचं दीड वर्ष वाचलं असतं. सगळंच बरं होतं असं मी म्हणत नाही. अल्झायमर मुळापासून बरा करणारं औषध आजही नाही. पण न पाहताच हात टेकणं हा काही त्यावरचा उपाय नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. मी दरवर्षी नव्या वर्गाला कागद वाटतो आणि सांगतो, ‘म्हातारा माणूस’ म्हटल्यावर मनात येणारे पाच शब्द लिहा. वाकलेला, खोकणारा, चिडका, विसरभोळा असे शब्द येतात. मग सांगतो, आता आपल्या घरच्या आजीविषयी पाच शब्द लिहा. मग येतात कष्टाळू, हुशार, गोष्टी सांगणारी, घर सांभाळणारी. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, की मला पुढे काही बोलावं लागत नाही. तुमच्या शाळेत हे करून पाहा. आणि दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून मुलांना सांगा, की आपल्या आजीला किंवा आजोबांना एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत उठायचं नाही. मुलांना निबंध मिळेल, गावाला त्याचा इतिहास मिळेल, आणि एखाद्या म्हाताऱ्या जिवाचा अडलेला हिशेब पुढे सरकेल.

आत्याचे पाचशे रुपये मी फेडले. तिने ते दोनदा मोजून घेतले.